सँटोरिनीवरून, डोळे मिटून

अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांतल्या दवाखान्यांनी अहिल्या मोहरीलचा आवाज ऐकलाय, पण तिचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. ती फोनवरची दुभाषी आहे. टेक्ससमध्ये मुलाकडे आलेल्या साताऱ्याच्या आजोबांच्या छातीत कळ आली, न्यू जर्सीत कोणाच्या सासूबाईंची शुगर वाढली, की तिथली नर्स एक नंबर फिरवते आणि इकडे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, लाँड्रीच्या शेजारच्या छोट्या खोलीत, अहिल्याच्या कानातला हेडसेट वाजतो.

या कामात दुभाष्याने स्वतः असं काही बोलायचंच नसतं. पेशंट म्हणाला, "मला गरगरतंय," तर अहिल्यानेही इंग्रजीत "मला गरगरतंय" असंच म्हणायचं. "ते म्हणतात की त्यांना गरगरतंय" असं नाही. तिचा नवरा रवींद्र चारचौघांत सांगतो, "आमच्या हिला एका दिवसात दोन हार्ट अटॅक, एक मूतखडा आणि एक बाळंतपण होतं, आणि संध्याकाळी पुन्हा पोळ्या लाटायला ठणठणीत."

दुसरा नियम म्हणजे भर घालायची नाही आणि काही गाळायचं नाही. अहिल्या हे अगदी इमानाने पाळते. एका आजींच्या 'छातीत धस्स होतं'मधल्या 'धस्स'साठी इंग्रजी शब्द शोधताना तिने डॉक्टरला चक्क थांबवून ठेवलं होतं. त्यावरून आम्ही मैत्रिणी अजून तिची चेष्टा करतो.

मी तिच्या घरापासून चौथ्या घरात राहते. अहिल्या मूळची नागपूरची. दोन हजार तीनमध्ये रवींद्रच्या मागोमाग इथे आली, आणि व्हिसामुळे पहिली नऊ वर्षं तिला नोकरी करता आली नाही. मुलगी इशिता आता कॉलेजात असते. अहिल्या बोलायला गोड, कामाला वाघ, फक्त एका बाबतीत पार भित्री. उंची म्हटली की ती संपते. भारतातून कोणाचेही आईवडील आले की त्यांना शिकागोच्या उंच टॉवरवर न्यायचं, काचेच्या सज्जात उभं करून फोटो काढायचा, हा आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम. अहिल्या प्रत्येक वेळी जाते, आणि प्रत्येक वेळी लिफ्टजवळच्या भिंतीला पाठ लावून सगळ्यांच्या पर्सेस सांभाळत उभी राहते. "इथून छान दिसतंय," म्हणते. तिथून फक्त बाथरूमची पाटी दिसते.

आणि ही बाई मागच्या सप्टेंबरात ग्रीसमधल्या एका ज्वालामुखीच्या बेटावरून हेलिकॉप्टरने फिरून आली. ते कसं घडलं, ते सांगते. मला ते दोघींनी वेगवेगळं सांगितलंय, त्यामुळे खात्रीने सांगू शकते.

दुसरी म्हणजे डॉक्टर मृणालिनी सबनीस. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. एकोणीसशे त्र्याहत्तर साली इथे आल्या आणि चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटना भूल देत होत्या. मुलगा शंतनू तिकडे सिअॅटलजवळ बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये असतो. काकू एकट्या राहतात, ताठ राहतात, आणि कोणाचं ऐकत नाहीत.

काकूंच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग सहा वर्षांपूर्वी खराब व्हायला लागला. या आजारात कडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. तुमच्याकडे बघायचं असेल तर काकू मान तिरकी करून तुमच्या कानाशेजारी बघतात. वाचन बंद झालं, गाडी बंद झाली. दर मंगळवारी अहिल्या त्यांच्याकडे जाऊन दिवाळी अंक वाचून दाखवायची. सुरुवातीला तिने जरा रंगवून वाचलं, तर काकूंनी लगेच थांबवलं. "अगं, नाटक नको करूस. नुसतं वाच. रडायचं की हसायचं ते माझं मी बघते." अहिल्याला ही बाई तिथेच आवडली.

दर दीड-दोन महिन्यांनी काकूंना डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. त्या दवाखान्यात खुर्चीसमोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता. सँटोरिनी बेटाचा, वरून काढलेला. हजारो वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखी फुटला, बेटाचा मधला भाग समुद्रात गेला, आणि चंद्रकोरीसारखी एक कड तेवढी राहिली. काकू त्या फोटोकडे सहा वर्षं बघत होत्या. आधी सगळा दिसायचा. मग मधला भाग गेला. मग फक्त कोपऱ्यातला निळा समुद्र उरला.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी वाचन संपल्यावर काकू म्हणाल्या, "अहिल्या, मी तिथे जायचं ठरवलंय. हेलिकॉप्टरने वरून बघणार आहे."

"अरे वा," अहिल्या म्हणाली. तिला वाटलं, शंतनूबरोबर जात असतील.

"शंत्या नाही म्हणतो. त्याचं म्हणणं, आई, तुला काय दिसणार? शिवाय यंदा तिथे भूकंपाचे धक्के बसले. त्यापेक्षा मी तुला मोठ्या टीव्हीवर ड्रोनचा व्हिडिओ लावून देतो. मी म्हटलं, टीव्हीवर बघताना माझ्या पोटात गोळा येतो का? मला तो गोळा हवाय. आणि कडेकडेचं जे दिसेल ते दिसेल. मधलं सांगायला मला माणूस हवं. तू चल."

"मी?"

"तू दुभाषी ना? भर घालत नाहीस, गाळत नाहीस. मला असंच माणूस पाहिजे."

अहिल्या 'हो' म्हणून बसली. उंचीची भीती काकूंना माहीत नव्हती, आणि त्या क्षणी सांगायची तिची हिंमत झाली नाही. घरी आल्यावर रवींद्र आधी हसला, आणि मग ती गंभीर आहे हे बघून आणखी हसला. "यार अहिल्या, तू एस्कलेटरवर डोळे मिटून घेतेस!" इशिताने फोनवर एवढंच विचारलं, "मॉम, आर यू सीरियस?" अहिल्या म्हणाली, "काकूंना कॅन्सल करायला सांगते." पण पुढच्या मंगळवारी सांगितलं नाही, त्यापुढच्याही नाही. सप्टेंबर आला आणि दोघी विमानात बसल्या.

बेटाच्या पूर्वेला समुद्राकाठी एक गाव आहे, तिथे त्या उतरल्या. काळी वाळू, मांजरं, आणि हॉटेलच्या मालकीणबाई काकूंना हाताला धरून जिना चढवणाऱ्या. हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होतं. अहिल्या पहाटेपासून जागी. नऊ वाजता फोन आला की वारा फार आहे, आज उड्डाण नाही.

अहिल्या मला म्हणाली, "खरं सांगू? मला इतका आनंद आयुष्यात फार कमी वेळा झालाय." तिने खाली जाऊन दोन प्लेट बकलावाची मिठाई मागवली. काकूंनी एका घासाला हात लावला नाही. दिवसभर गच्चीत बसून राहिल्या आणि दर अर्ध्या तासाने विचारत राहिल्या, "वारा पडला का गं?" अहिल्याने दोनदा खरं सांगितलं. तिसऱ्यांदा वारा पडलेला होता, तरी ती म्हणाली, "आहे अजून थोडा." तिच्या इमानदार नोकरीत तिने कधी केली नव्हती अशी ती पहिली गडबड. रात्रभर तिला ते टोचत राहिलं.

सकाळी वारा खरोखरच शांत होता. विमानतळाच्या एका कोपऱ्यात छोटं ऑफिस, आणि पायलट म्हणून एक चाळिशीची उंच बाई उभी. तिचं नाव डेस्पिना. तिने आधी दोघींना वजनकाट्यावर उभं केलं. हेलिकॉप्टरमध्ये कोणी कुठे बसायचं ते वजनावर ठरतं. काकू त्रेचाळीस किलो भरल्या. अहिल्याने फॉर्मवर स्वतःचं जे वजन लिहिलं होतं ते बहुतेक लग्नातलं असावं. डेस्पिनाने काट्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता आकडा खोडून नवा लिहिला.

"एक जण पुढे माझ्याशेजारी, एक मागे," ती म्हणाली.

"मला मागे, खिडकीला," काकू लगेच म्हणाल्या. "समोरचं मला दिसत नाही, बाजूचं दिसतं. पुढे हिला बसू दे."

अहिल्या पुढे बसली. पुढची अख्खी बाजू काचेची. पायांच्या पुढे काच, पायांच्या खालीही थोडी काच. पट्टे बांधले, हेडसेट घातले. हेडसेट अहिल्याच्या सवयीचा होता, आणि तेवढा एकच आधार. वर पातं फिरायला लागलं, अंगाखालची सीट थरथरली, आणि जमीन सुटली.

तिने डोळे गच्च मिटले.

"हं, बोल," कानात काकूंचा आवाज आला.

आता काय करायचं? अहिल्याने हॉटेलात मिळालेलं ब्रोशर आदल्या दिवशी इतक्या वेळा वाचलं होतं की ते पाठ झालं होतं. ती ब्रोशर म्हणायला लागली. "आपण वर आलोय, काकू. खाली सुंदर पांढरीशुभ्र घरं आहेत. डावीकडे निळे घुमट... चर्चचे... उन्हात चमकतायत. समोर अथांग..."

"डावीकडे?"

"हो, डावीकडे."

"अगं, डावीकडे नुसता समुद्र आहे. माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात सगळं निळं हलतंय. एक घर नाही तिथे."

अहिल्या ब्रोशरचं पुढचं वाक्य आठवायला लागली.

"अहिल्या, तुझे डोळे मिटलेत का?"

"हो."

"कधीपासून?"

"जमीन सोडल्यापासून."

 हेडसेटमध्ये खळखळून हसण्याचा आवाज आला. काकू इतक्या हसल्या की डेस्पिनाने इंग्रजीत विचारलं, "मागे सगळं ठीक आहे ना?" काकूंनी इंग्रजीतच उत्तर दिलं, "एकदम ठीक. माझी दुभाषी आंधळी निघाली."

"काकू, मला उंचीची फार भीती वाटते," अहिल्या म्हणाली. तिला रडू यायला लागलं होतं. "मी सांगायला पाहिजे होतं. आणि काल वारा पडला होता तेव्हाही मी खोटं बोलले."

"ते मला कळलं होतं. शेजारच्या गच्चीत चादर वाळत घातलेली होती, ती हलायची थांबली होती." काकूंचा आवाज बदलला. ऑपरेशन टेबलावर पडलेल्या माणसाशी बोलायचा तो आवाज असावा. "तुझा श्वास मला इथे ऐकू येतोय. वरच्या वर चाललाय. आत घेऊ नकोस. आधी सोड. पूर्ण सोड... अजून सोड. आता आपोआप येईल तेवढाच घे. हां. पुन्हा सोड."

चार-पाच वेळा असं झालं.

"आता एकच डोळा उघड. बाहेर नाही बघायचं. बुटाकडे बघ. बूट कसला आहे?"

"निळा. नाडी सुटलीय."

"बुटाच्या पलीकडे?"

बुटाच्या पलीकडे काच होती, आणि काचेच्या पलीकडे, खूप खाली, तपकिरी शेतं. "शेतं आहेत," अहिल्या म्हणाली. "त्यात हिरवे ठिपके. गोल गोल. टोपल्या ठेवल्यासारखे."

डेस्पिनाने समजावलं की त्या द्राक्षवेली आहेत. इथे वारा इतका की वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीवरच टोपलीसारखी गोल वळवून ठेवतात आणि घड आत लपतात. अहिल्याने ते मराठीत सांगितलं. सवयीचं काम मिळालं तसा तिचा आवाज जरा स्थिर झाला.

आणि तेवढ्यात बेटाची कड संपली. खालची जमीन आत्तापर्यंत हळूहळू चढत जवळ येत होती, ती एकदम तुटली आणि हजारभर फूट खाली गेली. तिथे गर्द निळं पाणी होतं. हेलिकॉप्टर त्याच्यावर तिरकं झालं. काकूंच्या पोटात हवा तो गोळा आला, त्या जोरात "आई गं!" ओरडल्या. अहिल्याही ओरडली. पण या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.

"सांग, सांग!"

"भिंत आहे, काकू! समुद्रातून सरळ वर आलेली भिंत. पट्टे पट्टे आहेत. खाली काळा, कोळशासारखा. वर लाल, गेरूसारखा. मग राखाडी. सगळ्यात वर चुन्याची पांढरी रेघ. कोणीतरी सुरीने कापल्यासारखं."

"आणि घरं?"

"घरं कडेवर आहेत. पांढरी." ती अडखळली. "ब्रोशरमध्ये मोत्यांसारखी म्हटलंय. पण मला तर... काकू, कबुतरांनी कठड्यावर घाण केल्यासारखी दिसतायत. वरून खाली ओघळलेली."

काकू पुन्हा हसत सुटल्या. "हे ब्रोशरमध्ये नव्हतं! असंच सांग. थांबू नकोस."

मग अहिल्या थांबलीच नाही. मधल्या छोट्या बेटावरून त्या गेल्या, तिथे अजूनही जिवंत ज्वालामुखी आहे. "सगळं काळं आहे. तव्यावर भाकरी विसरून बाहेर गेल्यावर जशी होते ना, तशी. करपलेली, भेगाळलेली. एक गवताचं पातं नाही. त्यावरून एक पायवाट गेलीय आणि मुंग्यांसारखी माणसं चाललीयत. एकीच्या डोक्यावर पिवळी टोपी." शेजारच्या बेटाच्या आडोशाला खालून गरम पाण्याचे झरे येतात, तिथला समुद्र गंजासारखा गढूळ होता. "चहातलं दूध नासल्यावर जसं दिसतं, तसं पाणी." एक भलंमोठं जहाज, त्यावरचा चौकोनी स्विमिंग पूल. एक गलबत, शेपटीसारखी पांढरी रेघ सोडत जाणारं. आणि कड्यावरून सरकत जाणारी एक छोटी काळी सावली.

"आपलीच आहे ती, काकू! आपलं हेलिकॉप्टर! भिंतीवरून चाललंय!"

"कुठे? कुठल्या बाजूला?"

अहिल्याने डेस्पिनाला विनंती केली. डेस्पिनाने एक वळण जास्तीचं घेतलं, काकूंची खिडकी कड्याकडे येईल असं. काकूंनी मान तिरकी केली आणि डोळ्याच्या अगदी टोकाने बघत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "दिसली. सावली दिसली. हलत होती म्हणून दिसली." मग जरा थांबून, "मधलं सगळं गेलं आणि कडेवर लोकांनी घरं बांधली. बरं केलं."

 नंतर मला सांगताना अहिल्या म्हणाली, "तेरा वर्षं मी फोनवर 'मला दिसतंय, मला दुखतंय' म्हणतेय. त्यातलं एकही 'मला' माझं नव्हतं. त्या दिवशी ते माझं होतं. मला भीती वाटत होती ती माझी, आणि मला दिसत होतं ते माझं. खाली उतरल्यावर लक्षात आलं हे. वर तर मी नुसती ओरडत होते."

खाली उतरल्यावर ऑफिसच्या पायरीवर ती फतकल मारून बसली. डेस्पिनाने पाण्याची बाटली आणून दिली आणि विचारलं, "कुठली भाषा होती ही?"

"मराठी."

"मला एकही शब्द कळला नाही," डेस्पिना म्हणाली. "उन्हाळाभर मी रोज या फेऱ्या मारते. खरं सांगायचं तर आता बघत नाही. आज तू जिकडे बघून ओरडत होतीस, तिकडे मीही बघितलं. ती पिवळ्या टोपीची बाई मलाही दिसली."

दुपारी दोघी समुद्राकाठी जेवल्या. तिथे टोमॅटोची भजी मिळतात, पुदिना घातलेली. अहिल्याने तीन प्लेट खाल्ल्या. काकूंनीही खाल्ल्या आणि मग खुर्चीतच डुलक्या घ्यायला लागल्या. रवींद्रचा फोन आला. "जिवंत आहेस?" अहिल्या म्हणाली, "हो, आणि उद्या पुन्हा वर गेलं तरी चालेल." पण ते बोलणं त्या भज्यांच्या जोरावर होतं, हे तिने नंतर स्वतःच कबूल केलं. नेपरव्हिलला आल्यावर छताचा बल्ब बदलायला शिडीवर रवींद्रच चढतो.

काकूंच्या उजव्या डोळ्याची नजर नोव्हेंबरात आणखी कमी झाली. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं. काकूंनी फार बोभाटा केला नाही. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत शंतनू आला तेव्हा तो जरा रागावलेलाच होता. अहिल्यालाही त्याने ऐकवलं. "काय झालं असतं तर? तुम्ही तरी समजवायचं तिला." अहिल्याने ऐकून घेतलं. मग त्याने आईला विचारलं, "पण तुला नक्की काय दिसलं?" काकूंनी त्याला पट्ट्यांची भिंत सांगितली, करपलेली भाकरी सांगितली, कबुतरं सांगितली. सगळे अहिल्याचेच शब्द, एकही न गाळता. शंतनू हातातला फोन बाजूला ठेवून ऐकत राहिला. म्हणाला, "आई, हे तर मला दिसलं."

आता तो दर रविवारी बॉथेलहून फिरायला निघाला की आईला फोन लावतो. पहिल्या रविवारी मी काकूंकडेच होते, फोन स्पीकरवर होता. नदीकाठच्या रस्त्यावर चालतोय म्हणाला. हवा छान आहे, झाडं छान आहेत.

"कसली झाडं?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे... मोठी. हिरवी."

"शंत्या, मी फोन ठेवते."

"नको, नको, आई," तो घाईघाईने म्हणाला. पावलांचा आवाज थांबला. "थांब जरा. नीट बघतो."